तेविसावा पाळक

गाबोर रुपीने नळकांड्याचं तोंड कापलं आणि कथलाची चकती प्रभुभोजनाच्या टेबलावर पडली. चर्च एवढं गप्प होतं की तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

शेवटच्या बाकावर केलेमेन इरेन बसली होती. अडतीस वर्षं ती तिथेच बसत आली होती.

मेस्पाताकच्या आमच्या युनिटेरियन चर्चच्या मनोऱ्यावर तांब्याचा एक गोळा आहे. मनोऱ्याची दुरुस्ती निघाली की गोळा उतरवायचा, आतल्या नळकांड्यातली जुनी पत्रं सगळ्यांसमोर वाचायची, त्यात आपलं एक घालायचं आणि डाख मारून गोळा पुन्हा वर चढवायचा, ही रीत. एका माणसाच्या आयुष्यात गोळा दोनदा उतरत नाही, असं सगळे धरून चालतात. या वेळी मात्र मनोऱ्याचा पत्रा सदतीस वर्षांतच कुजला. शुक्रवारी दुपारी रुपीने परांची बांधण्यासाठी आधी मनोऱ्यावरचं घड्याळ ज्यांच्यावर चालतं ती वजनं काढून ठेवली, मग गोळा खाली आणला. तेव्हापासून मनोऱ्यावर चार वाजून दहा मिनिटंच झालेली होती.

आज रविवार. उपासना संपली होती आणि पाळकबाई माते रेका पत्रं वाचत होती. वय एकतीस, गावात येऊन दोन वर्षं झालेली. तिला अजून अर्धं गाव 'ती पोरगी' म्हणायचं, पण तोंडावर नाही.

पहिलं पत्र १९११ चं. गहू बरा आला, थोरली घंटा पुन्हा ओतली, 'आमचे एकोणिसावे पाळक युर्मोशी कारोय यांच्या घरी जुळं झालं.' लोक हसले.

दुसरं पत्र १९५९ चं. पहिली ओळ वाचून रेकाने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तरी ती थांबली नाही, कारण थांबणं जास्त वाईट दिसलं असतं.

'आमचा तेविसावा पाळक केलेमेन देनेश याने आपल्याच मंडळीतल्या तिघांची नावं सरकारी माणसांना दिली. तिघांपैकी कोणी परत आला नाही. देव त्याला क्षमा करो, आमच्याने होत नाही. पाळकांच्या पाटीवर त्याचं नाव लिहू नये. फ्युलोप गेर्गेय, कारभारी.'

फ्युलोप गेर्गेय पहिल्या बाकावर बसले होते. वय चौऱ्याऐंशी, गावातले सगळ्यात वडील पुरुष. त्यांनी मान खाली घातली होती.

आमच्याकडे उपासना संपली की सगळ्यात वडील पुरुष आधी उठतो. तो दाराबाहेर पडला की मग बाकीचे वयाप्रमाणे, आणि त्यांच्यामागून बायका. ही रांग कधी मोडत नाही. त्या दिवशी इरेन उठली आणि सगळ्यांच्या आधी बाहेर गेली. तिला कोणी अडवलं नाही.

हा आरोप पत्रातच पहिल्यांदा झाला नव्हता. १९५८ च्या वसंतात सरकारी माणसांनी पाळक केलेमेनना गाडीतून नेलं आणि बरोबर आठ दिवसांनी गावातल्या तिघांना नेलं. गावाने हिशोब केला. केलेमेन छावणीत मेले, तरी हिशोब बदलला नाही. दाराशेजारच्या पाटीवर साडेतीनशे वर्षांतल्या सगळ्या पाळकांची नावं आहेत. त्यातलं सातवं नाव तर भरलेल्या बाकावर उशिरा आलेल्या माणसासारखं कसंबसं घुसलेलं आहे. केलेमेनचं तेवढं नाही. ते लिहावं म्हणून त्यांची मुलगी इरेन सहा वर्षं पंचांच्या मागे लागली होती. पंच म्हणाले होते, गोळ्यात काय निघतं ते बघू.

आता निघालं होतं. बुधवारी गोळा वर चढणार होता आणि त्यात रेकाने लिहिलेला पाळकांचा इतिहास जाणार होता. ती जे लिहील ते पुढची पन्नास वर्षं कोणाला खोडता येणार नव्हतं.

*

सोमवारी सकाळी रुपी तिच्या दारात आला. रुंद काठाची काळी टोपी त्याने छातीशी धरली होती. आमच्या भागात पत्र्याचं काम जिप्सींमधल्या गाबोर लोकांचंच. मनोरे सगळे त्यांच्या हातचे.

"बसा ना."

"बसत नाही, पाळकबाई. एक सांगायचंय. सांगितल्यावर मी सांगितलं असं म्हणू नका."

"बघू. आधी सांगा तर."

"शुक्रवारी गोळ्यात पाणी गेलंय का बघायला मी नळकांडं बाहेर काढलं. हलवून पाहिलं. वाजलं."

"म्हणजे?"

"आत काहीतरी जड होतं. लोखंडासारखं. कागद वाजत नाही. काल उघडलं तर आत दोन कागद, बस."

रेका खुर्चीत पुढे सरकली. "आणखी?"

"काल तोंड कापलं तेव्हा राळेचा वास आला. डाख मारताना राळ लावतात. सदतीस वर्षांच्या डाखाला वास राहत नाही. वरून काजळी चोळून जुना केला होता. हात बरा होता, पण घरगुती."

"मग तिथेच का बोलला नाहीत?"

रुपीने टोपीकडे पाहिलं. "नळकांडं आधीच कोणीतरी उघडलंय, असं एका गाबोराने भर चर्चमध्ये सांगायचं. मग तुमचे लोक कोणाच्या पिशव्या तपासतील, पाळकबाई?"

 रेकाला लाज वाटली, आणि ती तिने लपवली नाही.

*

शुक्रवार ते रविवार गोळा आणि नळकांडं चर्चमध्येच होतं. किल्ल्या दोन. एक घंटा वाजवणाऱ्या बोरी नेनीकडे. साठी ओलांडली की गावात बाई नेनी होते आणि पुरुष बाची, नातं असो वा नसो.

"शनिवारी चर्चमध्ये कोण आलं होतं, बोरी नेनी?"

"कोणी नाही. मी झाडलं, फुलं ठेवली, कुलूप घातलं."

"दिवसभर बंद?"

"बंदच. घड्याळाला किल्ली द्यायला गेर्गेय बाची माझ्याकडून दाराची किल्ली घेऊन गेले तेवढेच. ते काय, रोजचेच. पन्नास वर्षं येतात. माझा नवरा इतक्या वेळेवर कधी घरी आला नाही."

"तुम्ही बरोबर होतात?"

"मी कशाला? सूपला भाज्या चिरत होते. कोणी काही चोरलंय का?"

"नाही. कोणीतरी ठेवलंय."

बोरी नेनीला ते कळलं नाही, आणि न कळलेली गोष्ट पोटात ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुपारपर्यंत पाळकबाई चौकशी करतायत हे गावभर झालं.

दुसरी किल्ली सध्याचे कारभारी बालाज लायोश यांच्याकडे. नेलेल्या तिघांपैकी एक त्यांचा बाप. ते अंगणात लाकडं फोडत होते आणि रेका आली तरी थांबले नाहीत.

"ऐकलंय मी. पत्र खोटं म्हणताय म्हणे."

"मी विचारतेय फक्त. किल्ली तुमच्याकडे होती."

"होती. खिळ्याला. मग काय, मी रात्रीत गेर्गेय बाचींचं अक्षर शिकलो?" त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "माझ्या बापाच्या मरणाची नोंद त्यांनीच केली. ते अक्षर मी आंधळा झालो तरी ओळखेन. काल पाहिलं मी पत्र. त्यांचंच आहे."

"खात्रीने?"

"शपथेवर. आणि पाळकबाई, तुम्ही नव्या आहात. केलेमेनना नेलं, आठ दिवसांनी बाबांना. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"खरं काय ते."

"ते आम्हाला अडतीस वर्षं माहीत आहे."

तिथून रेका इरेनकडे गेली. इरेनने चहा पुढे केला, पण स्वतः घेतला नाही. तिचं फाटक एका बिजागरीवर लोंबकळत होतं. गावातल्या कोणा सुताराला ते दुरुस्त करायला कधी वेळ झाला नव्हता.

"मी आता चर्चला येणार नाही. तुम्हाला आधीच सांगून ठेवते."

"त्यांना नेलं तेव्हा तुम्ही कुठे होता, इरेन नेनी?"

"कुंपणाशी. तेवीस वर्षांची होते. गाडीत बसताना बाबांनी खिशातला चाकू काढला आणि गेर्गेय बाचींच्या हातात दिला. तिथे काढूनच घेतला असता. शिंगाची मूठ होती. त्याने मला सफरचंद कापून द्यायचे, साल एकसंध काढून."

"तो कुठे आहे?"

"आईने मागितला होता. बाची म्हणाले, हरवला."

 आमच्या गावातला पुरुष टोपी हरवेल, दारू चढली तर घरची वाटही हरवेल, पण चाकू हरवत नाही.

शेवटी ती गेर्गेय बाचींकडे गेली. गावातली बंद घड्याळं, मुके रेडिओ, गळक्या किटल्या, सगळं त्यांच्याच टेबलावर बरं होऊन जात असे. बायको गेली, मुलगा शहरात, तेव्हापासून टेबल जेवणासाठी फारसं लागत नव्हतं.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर माझं आहे."

"केलेमेननी नावं दिली हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गावाला माहीत होतं."

"पत्रात तर पाहिल्यासारखं लिहिलंय."

म्हातारा एका किटलीवरून बोट फिरवत राहिला.

"नळकांड्यात कागदाशिवाय आणखी काही घातलं होतं?"

"आठवत नाही, पाळकबाई. चौऱ्याऐंशी म्हणजे काही थोडं वय नाही."

"आपल्या हयातीत ते वाचलं जाईल असं वाटलं होतं?"

"मी सत्तेचाळीसचा होतो आणि पत्रा नवा कोरा." ते पहिल्यांदा तिच्याकडे पाहत म्हणाले, "नाही वाटलं."

*

घरी येऊन ती डोकं धरून बसली. डाख नवा, म्हणजे नळकांडं उघडलं गेलं. पण अक्षर तर गेर्गेय बाचींचंच. कागद जुना, नोंदवहीतला. मग बदललं काय? नुसती ती जड वस्तू काढून घेतली का? तसं असेल तर पत्र खरं, आणि इरेनचा बाप दोषी.

मंगळवारी सकाळी ती इतिहास लिहायला बसली. काहीतरी हाताला लागावं म्हणून तिने दोन्ही पत्रं समोर ठेवली. युर्मोशी कारोय, एकोणिसावे. पाटीवरून खात्री करावी म्हणून ती चर्चमध्ये गेली आणि बोटाने मोजलं.

युर्मोशी विसावे निघाले.

तिने पुन्हा मोजलं. विसावेच. आमच्याकडे पाळकांना राजांसारखे क्रमांक असतात. दीक्षेच्या वर्गातली पोरं बायबलच्या आधी पाळकांची यादी पाठ करतात, आणि पेंटेकॉस्टच्या रविवारी पंचांसमोर उभं राहून ती म्हणून दाखवतात. १९११ च्या लोकांनी इथे चूक करणं शक्य नव्हतं.

मग तिची नजर त्या सातव्या, दाटीने बसलेल्या नावावर गेली. ती धावत घरी आली आणि पंचांच्या बैठकांची वही काढली. अर्ध्या तासाने तिला हवं ते पान सापडलं. तिने ते पान तीनदा वाचलं आणि लायोशना निरोप पाठवला, की दुपारी तीन वाजता पंचांना बोलवा. इरेनलाही. आणि रुपीला.

*

चर्चच्या पुढच्या बाकांवर सगळे बसले. इरेन दाराजवळ उभी राहिली. रुपीही उभा होता. रेकाने त्याला खुर्ची दिली आणि तो बसेपर्यंत बोलायला सुरुवात केली नाही.

"बोरी नेनी, तुम्ही दीक्षेला उभ्या राहिलात ते साल?"

"चाळीस. पांढरा झगा, मापाला मोठा."

"यादी येते अजून?"

"झोपेत म्हणेन."

"जागेपणी म्हणा. पाटीकडे बघायचं नाही."

बोरी नेनीने एप्रनचा कोपरा धरला आणि शाळेतल्या मुलीसारखी सुरू झाली. बोटं मोजत, दमही न घेता. लायोश कंटाळून छताकडे बघत होते. "...अठरा, बेर्दे शांदोर. एकोणीस, युर्मोशी कारोय. वीस, नाज आल्बेर्त. एकवीस, विंत्से यानोश, त्यांनीच मला दीक्षा दिली. संपली."

"विंत्सेंच्या नंतर कोण आले?"

बोरी नेनी दाराकडे पाहून थबकली. "केलेमेन."

"म्हणजे कितवे?"

"बाविसावे."

"पत्रात तेविसावे लिहिलंय," रेका म्हणाली.

लायोशनी मान खाली आणली. "बोरी एखादा विसरली असेल."

"१९११ चं पत्रही त्यांच्यासारखंच मोजतं. दोघांनी एकच नाव गाळलंय, सातवं. ते सातवे पाळक प्लेगच्या वर्षी आले, अकरा महिने मेलेल्यांना पुरलं आणि स्वतः गेले. त्यांची इथे कुठेच नोंद नव्हती. माझ्या आधीच्या पाळकांना बिशपांच्या दप्तरात त्यांचं नाव मिळालं आणि ते पाटीवर चढवलं." तिने वही उघडून लायोशच्या मांडीवर ठेवली. "तारीख वाचा."

लायोशनी वाचली. "ऑक्टोबर १९७४."

"१९७४ च्या आधी या गावात एकाही जिवंत माणसाला तो पाळक माहीत नव्हता. तेव्हा १९५९ मध्ये केलेमेनना तेविसावा कोणी म्हणूच शकत नव्हतं. हे पत्र १९७४ नंतरचं आहे. आणि गोळा तर शुक्रवारपर्यंत मनोऱ्यावर होता."



"रुपींना डाखाला राळेचा वास आला. शुक्रवारी नळकांडं वाजत होतं, रविवारी वाजलं नाही. त्यांनी मला सोमवारीच सांगितलं, आणि चर्चमध्ये का बोलले नाहीत तेही सांगितलं. त्याची लाज आपण सगळ्यांनी वाटून घेऊ. शनिवारी इथे कोणी आलं नाही, घड्याळाला किल्ली द्यायला आलेल्या माणसाशिवाय. पण बोरी नेनी, शनिवारी घड्याळात वजनं होती का?"

बोरी नेनीचा हात तोंडावर गेला.

"अक्षराबद्दल लायोश शपथ घेतात, आणि माझाही त्यावर विश्वास आहे. पत्र खोटं आहे आणि अक्षर खरं आहे. असं एकाच माणसाच्या हातून होतं." ती पहिल्या बाकाकडे वळली.  "तुम्ही बावीस पेंटेकॉस्ट पोरांची यादी ऐकलीत, गेर्गेय बाची. नवी यादी, ज्यात विंत्से बाविसावे. ती तुमच्याही अंगवळणी पडली. पहिल्या पत्रात काय होतं?"

 म्हातारा म्हणाला, "आकडा नव्हता. कबुलीत आकडा कशाला घालायचा."

"कसली कबुली?" लायोशनी विचारलं. ते उभे राहिले होते.

"मलाही नेलं होतं त्याच आठवड्यात. एक दिवस. तुला वाटलं असेल बाजाराला गेलो." गेर्गेय बाची समोरच्या टेबलाशी बोलत होते. "म्हणाले, तुमचा पाळक दगड आहे, एक शब्द बोलत नाही, आता तू बोल. कागदावर माझ्या मुलाचं नाव होतं. मी मुलाच्या बदली तीन नावं दिली. तुझा बाप पहिला."

लायोश बाकाला धरून उभे होते. 

"गाव पाळकाचं नाव घ्यायला लागलं, मी गप्प बसलो. मग पत्रात लिहून वर ठेवलं. म्हटलं, आपण मेल्यावर वाचतील. पत्रा कुजायला आणखी चार-पाच वर्षं लागली असती तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"कागद जाळून टाकायचा होता नुसता," रेका म्हणाली. "इरेन नेनींच्या बापावर पुन्हा आळ का?"

"मी पत्र घातलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. नळकांड्यात नसतं तर पहिला प्रश्न मलाच. आणि गाव ते मानतच होतं, पाळकबाई. मला वाटलं, नवीन काय लिहितोय मी."

दाराजवळून इरेनने पहिल्यांदा तोंड उघडलं. "चाकू कुठे आहे?"

म्हाताऱ्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. शिंगाच्या मुठीचा चाकू टेबलावर ठेवला. "तुझ्या आईकडे जायला तोंड नव्हतं. म्हणून तोही वर ठेवला होता. आता टाकवला नाही."

इरेन पुढे आली. चाकू उघडून पाहिला, मिटला आणि एप्रनच्या खिशात घातला. ती रडली नाही. लायोश तिच्यासमोर टोपी काढून उभे राहिले.

"इरेन," ते म्हणाले, "तुझं फाटक मोडलंय. मी येऊन बघतो."

"अडतीस वर्षं मोडलंय, लायोश. आणखी चार दिवस चालेल."

रेकाने कोरा कागद गेर्गेय बाचींच्या पुढे सरकवला. तिला त्यांची कीव येत होती आणि रागही जात नव्हता. "लिहा. पहिल्यात होतं ते सगळं. आकड्यासकट."

त्यांनी लिहिलं, त्याच अक्षरात. 'आमचे तेविसावे पाळक केलेमेन देनेश यांनी एकही नाव दिलं नाही. नावं मी दिली.' या वेळी आकडा बरोबर होता. बुधवारी रुपीने त्यावर डाख मारला, आणि पैसे घेताना म्हणाला की हा शंभर वर्षं टिकेल.

पाटीवरचं नाव लायोशनी स्वतः रंगवलं. अक्षरं वाकडी आली.

*

रविवारी इरेन आली. ती शेवटच्या बाकाकडे वळली नाही. व्यासपीठाच्या उजवीकडे पाळकाच्या घरच्यांचा बाक असतो. रेका एकटी, त्यामुळे तो रिकामाच असे. इरेन तिथे जाऊन बसली. लहानपणी ती तिथेच बसायची.

गेर्गेय बाचीही आले. पहिल्या बाकावरची त्यांची जागा सोडून ते शेवटच्या बाकावर बसले, इरेनच्या जागी. त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही.

उपासना संपली. आशीर्वाद झाला, ऑर्गन थांबला. आणि कोणी उठेना.

सगळ्यात वडील पुरुषाने आधी उठायचं. तो शेवटच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि उठत नव्हता. त्याला उठ म्हणणारं कोणी नव्हतं. पहिल्या बाकावरचे म्हातारे पाटीकडे बघत होते, बायका हातातल्या रुमालाकडे. लायोशचा जबडा घट्ट मिटलेला होता. रेकाला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण हे तिचं बोलणं नव्हतं.

 मग पाळकाच्या बाकावरून इरेन मागे वळली.

"उठा, गेर्गेय बाची," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."

म्हातारा बाकाला धरून उठला आणि बाहेर गेला. त्याच्यामागून बाकीचे पुरुष उठले, वयाप्रमाणे, आणि मग बायका.